हातून पडलेला ग्लास

बारा मुलांचे फॉर्म भरायला बसले आणि पहिल्याच रकान्यात अडले. स्पेनमधल्या सालामांका गावच्या भाषाशाळेच्या फॉर्मवर आडनावासाठी दोन जागा होत्या, पहिलं आडनाव आणि दुसरं आडनाव. तिकडे प्रत्येकाला दोन आडनावं असतात, एक वडिलांकडचं, एक आईकडचं, आणि लग्न झालं म्हणून बाईचं आडनाव बदलत नाही. आपली रीत वेगळी. पालकांनी दुसऱ्या रकान्यात वडिलांचं नाव घातलं, मीही ते तसंच पुढे पाठवलं, आणि सालामांकाला पहिल्या दिवशी तिथल्या बाईंनी हजेरी घेतली तेव्हा मुलं आपापल्या बाबांच्या नावाला हात वर करत होती. आता आपल्याकडेही 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावणं सरकारने बंधनकारक केलंय. ही मुलं उद्या परदेशी शिकायला निघतील तेव्हा त्या दुसऱ्या रकान्यात काय लिहितील याचं मला खरंच कुतूहल आहे.

मी पुण्यात चौदा वर्षं स्पॅनिश शिकवते. स्वतः रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकले. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं आठवी ते दहावीतली, इंग्रजी माध्यमाची. क्रियापदांचे तक्ते त्यांना तोंडपाठ असतात, परीक्षेत भरपूर मार्क मिळवतात, आणि कुणी स्पॅनिश माणूस समोर उभा राहून साधं 'कसे आहात' म्हणाला की बोबडी वळते. कितीतरी वर्षं मी याचं खापर सरावावर फोडत आले. बोलायला कुणी नाही, म्हणून बोलता येत नाही. तेव्हा तीन आठवडे त्यांना तिथल्या घरांमध्ये ठेवायचं, सकाळी शाळा, बाकी दिवसभर कानावर फक्त स्पॅनिश, असं ठरवलं.

माद्रिद किंवा बार्सेलोना न निवडता सालामांका का, असं प्रत्येक पालकाने विचारलं. बार्सेलोनात रस्त्यावरच्या पाट्यांपासून कातालान भाषा सुरू होते, नवख्या मुलांचा गोंधळ उडतो. माद्रिद अफाट मोठं. सालामांका दीड लाखाच्या आतल्या वस्तीचं गाव, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी जाता येतं, आणि 1218 साली स्थापन झालेलं तिथलं विद्यापीठ हे स्पेनमधलं सगळ्यात जुनं. गावाला परदेशी विद्यार्थ्यांची पिढ्यान्‌पिढ्या सवय. पाववाला, फार्मसीतली बाई, बसस्टॉपवरचे आजोबा, कुणीही अडखळत बोलणाऱ्या मुलासमोर घाई करत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठी मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

व्हिसाचं थोडक्यात सांगते, कारण पुढे कुणाला उपयोग होईल. 90 दिवसांपेक्षा कमी मुक्काम असला तर विद्यार्थी व्हिसा लागत नाही, साधा शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून असलेला कमी मुदतीचा व्हिसा चालतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि तो लवकरच करावा. फी 90 युरो. बारा वर्षांपुढच्या मुलांना बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. किमान 30,000 युरोचा प्रवासविमा, आणि मूल अज्ञान असल्यामुळे आई आणि वडील दोघांचं नोटरी केलेलं संमतीपत्र. आमचं घोडं अडलं ते एका मुलीच्या जन्मदाखल्यावर. दाखल्यावर आईचं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. काउंटरवरच्या माणसाने कागद परत केले, प्रतिज्ञापत्र आणा म्हणाला. त्या माउलीने पुणे-मुंबई दोन फेऱ्या मारल्या. ज्या देशात बाई आयुष्यभर एकच नाव लावते, त्या देशात जायला एका आईला तिची दोन नावं एकच आहेत हे शपथेवर लिहून द्यावं लागलं. ती मुलगी गटातली सगळ्यात अबोल. तिचं पुढे येणारच आहे.

माद्रिदहून बसने अडीच तास. वाटेत आविला गावाचा कोट दिसला, नंतर मोकळ्या रानात लांब लांब उभी असलेली एन्सिनाची, म्हणजे सदाहरित ओकची झाडं. मुलं झोपली होती. संध्याकाळी पोहोचलो आणि गाव पिवळंधमक दिसलं. तिथल्या सगळ्या जुन्या इमारती जवळच्या बियामायोरच्या वालुकाश्माच्या आहेत. तो दगड खाणीतून निघताना मऊ असतो, म्हणून त्यावर इतकं बारीक कोरीवकाम होऊ शकलं, आणि ऊन-पाऊस लागून तो सोनेरी होतो. रात्री नऊला जेवायला बसलो तेव्हा बाहेर चांगला उजेड होता. मे महिन्यात तिथे सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो.

दोन-दोन मुलं एकेका घरी, आणि मी दोन मुलींबरोबर एका आजीबाईंकडे. त्यांना सगळे सेन्योरा म्हणायचे, मीही इथे तेच म्हणते. नवरा वारलेला, मुलगा दुसऱ्या गावी. मुलींनी त्यांना 'उस्तेद' म्हणायला सुरुवात केली, कारण मीच शिकवलं होतं, मोठ्या माणसांना उस्तेद, म्हणजे आपलं तुम्ही. सेन्योरांना ते अजिबात आवडलं नाही. "तू, तू," म्हणाल्या. हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे हे मुलींच्या तेव्हा लक्षात आलं. मी म्हटलं, अगं, आईला आपण अगंतुगंच करतो ना, तसं. त्यानंतर त्या मोकळ्या झाल्या.

जेवणाचा प्रश्न पहिल्याच रात्री आला. आम्ही 'शाकाहारी' असं तीनदा कळवलं होतं. समोर सुंदर सॅलड आलं, त्यात ट्यूना मासा. सेन्योरांचा त्यात काहीच दोष नव्हता. तिथे 'कार्ने' म्हणजे लाल मांस, मासा म्हणजे मासा, आणि हॅम तर मिठासारखं सगळ्यात थोडं थोडं असतंच. दुसऱ्या दिवशी सगळ्या मुलांना एक वाक्य घोटून दिलं, नी कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन. मांस नाही, मासा नाही, हॅम नाही. ते वाक्य तीन आठवडे मंत्रासारखं वापरलं. मग सेन्योरांनी एक दिवस 'पातातास मेनेआस' केले. उकडलेला बटाटा घोटून त्यावर तेलात परतलेला लसूण आणि पिमेंतोन, म्हणजे तिकडची धुरावर वाळवलेली लाल मिरचीपूड. एरवी त्यावर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे घालतात, आमच्यासाठी नाही घातले. अबोल मुलीने पहिला घास घेतला आणि मराठीत म्हणाली, "बटाट्याची भाजी." सेन्योरांनी तो शब्द बरोब्बर उचलला. 'बाताता' म्हणजे त्यांच्याकडे रताळं. रताळं नाही, बटाटा, असं त्या तिला सांगायला लागल्या, आणि ती तिच्या मोडक्या स्पॅनिशमध्ये समजावत होती की आमच्याकडे यालाच बटाटा म्हणतात, हा शब्द पोर्तुगीजांबरोबर गोव्याकडून आला. पुण्यात वर्षभरात ती एका दमात एवढं बोलली नव्हती.

चौथ्या रात्री ग्लास फुटला.

जेवण झालं होतं, सेन्योरा ओट्यापाशी होत्या. अबोल मुलगी टेबलावरचे ग्लास उचलत होती, तीन एका हातात. त्यातला मधला निसटला आणि फरशीवर त्याच्या ठिकऱ्या झाल्या. ती जागीच गोठली. मग पाठ करून म्हणावं तसं म्हणाली, "यो रोम्पी एल बासो." मी ग्लास फोडला. व्याकरणात काहीही चूक नाही, कर्ता, क्रियापद, कर्म, काळ सगळं जागच्या जागी. मी दहापैकी दहा दिले असते. सेन्योरा वळल्या, तिच्याकडे बघितलं आणि जवळ येत म्हणाल्या, "नो, इखा, नो. से ते आ काईदो." आणि परत एकदा, हळू, "से ते आ काईदो. नो पासा नादा." तिला 'नो' तेवढं कळलं. आपलं पुन्हा काहीतरी चुकलं असं वाटून तिचे डोळे भरले. मी केरसुणी घेऊन तिथेच उभी होते. तिला इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं आणि सांगता येईना. मग मराठीतच आलं. "अगं, त्या म्हणतायत, तू नाही फोडलास. तुझ्या हातून पडला."

ती माझ्याकडे बघत राहिली. "हातून पडला, असं म्हणता येतं स्पॅनिशमध्ये?"

येतं. रोज येतं, हरघडी येतं. से मे आ काईदो, माझ्या हातून पडला. से ते आ काईदो, तुझ्या हातून पडला. पडण्याचं क्रियापद ग्लासचं, माणूस फक्त त्या 'मे' आणि 'ते' एवढ्या जागेत उभा, ज्याच्या बाबतीत ते घडलं तो. विसरलं तरी तसंच, से मे आ ओल्बिदादो, विसरायला झालं. मी हा धडा दरवर्षी शिकवते, तिसऱ्या वर्षी, 'कठीण रचना' म्हणून, फळ्यावर इंग्रजी वाक्य लिहून. इंग्रजीत ग्लास पडला तर कर्ता 'मी'च येतो, त्यामुळे मुलांना ही रचना उलटी वाटते, आणि मी वर्षानुवर्षं ती उलटी म्हणूनच समजावत आले. त्या रात्री स्वयंपाकघरात त्या पोरीला ती अर्ध्या मिनिटात कळली, कारण ती तिच्या आजीच्या तोंडची होती. विसरायला झालं, राहून गेलं, हातून पडलं. सेन्योरांनी काचा गोळा करून वर्तमानपत्रात बांधल्या, तिच्या गालावर हात ठेवला, आणि तिने त्यांना म्हटलं, "से मे आ काईदो." रडत, पण न अडखळता.

मला झोप आली नाही. चौदा वर्षं मी मराठी मुलांना इंग्रजीच्या दारातून स्पॅनिशमध्ये नेत होते, आणि त्यांच्या स्वतःच्या घराचं मागचं दार थेट तिकडे उघडत होतं.

नंतर ते जिथे तिथे दिसायला लागलं. 'आवडणं' घ्या. स्पॅनिश शिकणारं प्रत्येक मूल पहिले सहा महिने 'यो गुस्तो' म्हणतं, 'मी आवडते' असं काहीतरी, कारण डोक्यात इंग्रजी 'आय लाइक' असतं. मी सहा महिने लाल पेनाने ते खोडते. प्लाझा मायोर, म्हणजे गावचा मुख्य चौक, त्याच्या शेजारी मेर्कादो सेंत्राल ही मंडई आहे, तिथे पहिल्या चेरी आल्या होत्या. आमचा एक नववीतला मुलगा तिथे मला म्हणाला, "प्रोफे, मे गुस्तान म्हणजे मला आवडतात ना? एक चेरी असली तर आवडते, मे गुस्ता, खूप असल्या की आवडतात, मे गुस्तान. मग हे आपल्यासारखंच आहे की." (दुसऱ्या आठवड्यापासून मुलं मला ताईऐवजी प्रोफे म्हणायला लागली होती, तिकडच्या मुलांसारखी.) हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. हाच मुलगा पुढे घसा दुखून आजारी पडला तेव्हा फार्मसीत मी बरोबर होते, पण तोंड उघडलं नाही. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "के ते दुएले?" काय दुखतंय? तो म्हणाला, "मे दुएले ला गार्गांता." घसा दुखतोय. मग जरा थांबून स्वतःहून, "इ मे दुएलेन लास पिएर्नास." आणि पाय दुखतायत. घसा एक, पाय दोन, क्रियापद आपोआप बदललं, कारण मराठीतही ते बदलतंच. बाईंनी त्याला गोळ्या दिल्या, भरपूर पाणी पी म्हणाल्या, ताप चढला तर दवाखान्यात जा असं मला बजावलं. ताप काही चढला नाही.

उच्चारांचंही तेच. स्पॅनिश त आणि द हे आपले दंत्य त आणि द आहेत, जीभ दाताला लागते. इंग्रजी बोलणाऱ्यांना ते साधायला महिने लागतात. आमच्या वर्गाशेजारी इंग्लंडहून आलेल्या मुलांचा वर्ग होता, तिथल्या बाई त्यांच्याकडून 'तेंगो' म्हणवून घेताना मी ऐकलंय. स्वर पाचच, आ ए इ ओ उ, आणि लिहिलं तसं वाचायचं. 'एस्पान्या'मधला न्य म्हणजे आपला ञ, जो आपण मुळाक्षरांत म्हणतो आणि एरवी कधी वापरत नाही. अवघड गेला तो माद्रिदकडचा 'ग्राथ्यास'मधला थ, तो आपल्या थसारखा श्वास सोडून म्हणायचा नसतो, जीभ दातांमध्ये धरून नुसती हवा जाऊ द्यायची. आणि 'पेरो' म्हणजे पण, 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. तो दुहेरी र काहींना शेवटपर्यंत जमला नाही.

दुपारी आम्ही गाव बघायचो. विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवर कवटीवर बसलेला दगडी बेडूक आहे. जो विद्यार्थी तो मदतीशिवाय शोधतो तो पास होतो असं तिथे मानतात. मुलांना तो शोधायला वीस मिनिटं लागली. नव्या कॅथेड्रलच्या एका दारावर अंतराळवीर कोरलेला आहे, 1992 च्या दुरुस्तीत कारागिरांनी घातलेला, त्याच्यासमोर फोटोंना ऊत आला. मला ओढ होती ती फ्राय लुईस दे लेओनच्या वर्गाची. जाडजूड ओबडधोबड लाकडी ओंडक्यांचे बाक, तसेच राखलेले. हा सोळाव्या शतकातला कवी आणि धर्मशास्त्राचा प्राध्यापक. बायबलमधलं 'गीतांचं गीत' त्याने लोकभाषेत आणलं, हा त्याच्यावरच्या आरोपांपैकी एक. 1572 ते 1576 तो इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या तुरुंगात होता. सुटून वर्गात परत आला आणि "काल आपण म्हणत होतो..." असं म्हणून त्याने पुढे शिकवायला सुरुवात केली, अशी आख्यायिका आहे. मी हे सांगत असताना मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे ज्ञानेश्वरांसारखं?" त्यापुढे मला फार काही समजवावं लागलं नाही.

याच गावात 1492 साली नेब्रिखा या भाषापंडिताचं कास्तिलियन, म्हणजे स्पॅनिश भाषेचं व्याकरण छापलं गेलं. युरोपातल्या एका बोलत्या भाषेचं पहिलं छापील व्याकरण, आणि ते लिहिताना त्याच्यासमोर साचा होता लॅटिनचा. आपल्याकडे दादोबा पांडुरंगांनी 1836 मध्ये मराठीचं व्याकरण लिहिलं, ते इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. आपली भाषा दुसरीच्या मापाने मोजायची सवय फार जुनी आहे. ती मोजपट्टी मीही वापरत आले, हे मला तिथे त्या गल्लीत उभं राहून कळलं.

दोन गोष्टी मी पुढच्या वेळी वेगळ्या करेन. एक म्हणजे घट्ट मैत्रिणींना एका घरात ठेवणार नाही. चार घरांमध्ये मी तसं केलं, सोबत असावी म्हणून, आणि त्या चारही घरांमध्ये संध्याकाळी दार लावून इंग्रजी सुरू व्हायचं. यजमान बिचारे बाहेर टीव्हीसमोर एकटे. ज्या घरात फारशी ओळख नसलेली दोन मुलं होती, ती तीन आठवड्यांत सगळ्यांच्या पुढे गेली.

दुसरी गोष्ट फोन. मे महिन्यात आपलं घड्याळ तिकडच्यापेक्षा साडेतीन तास पुढे असतं. आपल्याकडे रात्रीची जेवणं आटोपून आईबाबा साडेनऊला फोन करतात तेव्हा सालामांकात संध्याकाळचे सहा, नेमकी मुलं प्लाझा मायोरमध्ये असायची वेळ. त्या वेळी सगळं गाव तिथे असतं, कमानींखाली येरझाऱ्या घालणारे म्हातारे, चेंडू खेळणारी पोरं, आणि आम्ही होतो तेव्हा तर चौकात पुस्तकांची जत्रा भरली होती. आणि आमची मुलं बाकावर कान दाबून पुण्याशी बोलतायत. पाचव्या दिवशी मी फक्त बुधवार आणि रविवार असा नियम केला. दोन पालक रागावले, एक आई माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. मला त्यांचं दुखणं कळत होतं, लेकरू पहिल्यांदाच एवढं लांब गेलेलं. पण नियम मोडला नाही, आणि पुढच्या वेळी निघायच्या आधीच पालकांच्या सभेत सांगेन, म्हणजे कुणाला तिथे अचानक कळायला नको.

फोन थांबले तशी रात्रीची जेवणं लांबायला लागली. जेवून झाल्यावर टेबलावरून न उठता गप्पा मारत बसण्याला स्पॅनिशमध्ये 'सोब्रेमेसा' असा खास शब्द आहे. आपल्याकडे हात वाळेपर्यंत बसतात ना, तेच. शेवटच्या आठवड्यात आमच्या टेबलावर साडेअकरा वाजायचे. अबोल मुलीने सेन्योरांना आईच्या दोन नावांची आणि मुंबईच्या फेऱ्यांची गोष्ट सांगितली. वाक्यं तुटकी, काळ मागेपुढे, पण सेन्योरांनी एकदाही दुरुस्त केलं नाही, नुसत्या "इ एंतोन्सेस?" म्हणत राहिल्या. मग पुढे? गोष्ट संपल्यावर त्यांनी आपली दोन्ही आडनावं कागदावर लिहिली, दुसऱ्याखाली रेघ ओढली आणि म्हणाल्या, हे माझ्या आईचं. मग पेन तिच्या हातात दिलं. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग आपलं नाव लिहिलं, त्याच्यापुढे आईचं, मग बाबांचं, मग आडनाव. तो कागद सेन्योरांच्या फ्रिजवर लोहचुंबकाखाली आहे. परवा त्यांनी फोटो पाठवला.

जूनमध्ये नवी तुकडी सुरू झाली. सातवी-आठवीची चौदा मुलं, एकालाही स्पॅनिशचा गंध नाही. यंदा फळ्यावर पहिलं वाक्य मी मराठीत लिहिलं, 'मला आवडतो आंबा', आणि त्याच्या बरोबर खाली, शब्दाखाली शब्द येईल असं, 'मे गुस्ता एल मांगो'. मुलांनी वह्यांत उतरवून घेतलं. थोड्या वेळाने दुसऱ्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला.

"ताई, पण आंबे असतील तर?"

"तूच सांग," मी म्हटलं. "मराठीत काय म्हणशील?"

"आवडतात."

मी खडू त्याच्याकडे दिला.